धातूची झडप बसवल्यानंतर आयएनआर सारखा वर-खाली होत असेल तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. बहीण २४ वर्षांची. लहानपणी तिचे सांधे सुजायचे, ताप यायचा. पुढे धाप लागायला लागली आणि तपासणीत हृदयातली मायट्रल झडप आखडलेली निघाली. आठ महिन्यांपूर्वी ती काढून धातूची झडप बसवली. आता ती घरातलं सगळं काम करते, पण आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारा आकडा; तो जितका जास्त तितकं रक्त पातळ) कधी १.६ येतो तर कधी ४.८, आणि दर वेळी अ‍ॅसिट्रॉम या रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळीचा डोस बदलतो. कुणी म्हणालं, हे उंदीर मारायचं औषध आहे. कुणी म्हणालं, आता नव्या गोळ्या निघाल्यात, त्यांना रक्त तपासावं लागत नाही. त्यातच घरात तिच्या लग्नाचं बघताय.

मी फिजिशियन आहे आणि जिल्ह्याच्या ठिकाणी बरीच वर्षं झडप बदललेल्या रुग्णांची ओपीडी बघते. तुमच्या बहिणीसारख्या मुली तिथे दर आठवड्याला येतात. मला एक गोष्ट सर्वांत आधी सांगायची आहे: आयएनआर उगाच वर-खाली होत नाही. बहुतेक वेळा त्याला कारण असतं आणि ते कारण घरातच सापडतं. ते न शोधता दर वेळी नुसता डोस बदलत राहिलं तर आकडा कधीच जागेवर येणार नाही.

आधी नव्या गोळ्यांबद्दल बोलू, कारण त्या आशेवर लोक जुनी गोळी परस्पर बंद करतात आणि मग थेट आयसीयूत भेटतात. डॅबिगॅट्रान, रिव्हारोक्साबान, एपिक्साबान ही ती नवी औषधं. इतर अनेक आजारांत ती चांगली आहेत, त्याबद्दल वाद नाही. पण धातूच्या झडपेवर त्यांची परीक्षा झाली आणि ती त्यात नापास झाली. डॅबिगॅट्रानचा री-अलाइन नावाचा अभ्यास मध्येच थांबवावा लागला, त्याचे निकाल २०१३ साली प्रसिद्ध झाले. त्यात २५२ रुग्ण होते. नव्या औषधावरच्या ५ टक्के रुग्णांना पक्षाघात झाला, जुन्या औषधावरच्या, म्हणजे वॉरफरिनवरच्या, एकालाही नाही. रक्तस्रावही नव्या औषधावरच जास्त झाला. पुढे एपिक्साबानचा अभ्यास झाला. तो महाधमनीच्या तोंडाशी बसवलेल्या एका विशिष्ट झडपेवर होता, जिथे गुठळीचा धोका मायट्रलपेक्षा कमी असतो. तोही २०२२ मध्ये थांबवला, कारण गुठळ्या जास्त होत होत्या.

याहून जास्त विचार करायला लावणारा अभ्यास म्हणजे इन्व्हिक्टस. तो २०२२ साली प्रसिद्ध झाला. त्यात धातूची झडप असलेले रुग्ण नव्हते. रुमॅटिक हृदयरोग (तुमच्या बहिणीसारखा, लहानपणीच्या सांधे सुजवणाऱ्या तापातून होणारा झडपांचा आजार) आणि ठोक्यांची अनियमितता असलेले २४ देशांतले साडेचार हजारांवर रुग्ण होते, त्यांतल्या जवळजवळ तीन चतुर्थांश बायका. दिल्लीच्या एम्समधले डॉ. गणेशन कार्तिकेयन हे त्या अभ्यासाच्या प्रमुखांपैकी एक. रिव्हारोक्साबान निदान जुन्या औषधाइतकं तरी ठरेल अशी अपेक्षा होती. निघालं उलटं. जुन्या औषधावरचे रुग्ण जास्त जगले आणि त्यांचा रक्तस्रावही वाढला नाही. तेही तपासण्यांत जेमतेम ५६ ते ६५ टक्के वेळा आयएनआर रेंजमध्ये असताना! माझ्या लेखी या अभ्यासाचं मोल फार मोठं आहे, कारण तो आपल्यासारख्या देशांतल्या, आपल्यासारख्या रुग्णांवर झाला. जुनी गोळी गरिबांची म्हणून दुय्यम, ही समजूत त्याने मोडून काढली. तुमच्या बहिणीला अ‍ॅसिट्रॉम दिलंय ते दुसरं परवडत नाही म्हणून नाही. तिच्यासाठी तेच योग्य औषध आहे.

उंदराच्या औषधाची गोष्ट खरी आहे, पण अर्धी. अमेरिकेत सडलेला गोड क्लोव्हर चारा खाऊन गुरं रक्तस्रावाने मरत होती. विस्कॉन्सिनमध्ये कार्ल पॉल लिंक यांच्या प्रयोगशाळेने त्यातलं द्रव्य वेगळं केलं. त्याच कुळातलं वॉरफरिन १९४८ मध्ये उंदरांसाठी बाजारात आलं आणि १९५४ मध्ये माणसांसाठी मंजूर झालं. १९५५ साली अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर यांना हृदयविकाराचा झटका आला तेव्हा त्यांनाही ते दिलं होतं. अ‍ॅसिट्रॉम त्याचंच भावंड. फरक सगळा मात्रेचा, आणि ती मात्रा बरोबर आहे की नाही हे कळावं म्हणूनच आयएनआर करायचा.

आता आकड्यांकडे येऊ. मायट्रल जागी धातूची झडप असेल तर आयएनआर साधारण २.५ ते ३.५ मध्ये ठेवतात. तिच्या डिस्चार्ज कार्डावर सर्जननी रेंज लिहिलेली असेल, ती बघा आणि तीच धरा. घरच्यांना ४.८ बघून घाम फुटतो, १.६ आला की "चला, रक्त घट्ट झालं, बरं झालं" असं वाटतं. मला मात्र १.६ ची भीती जास्त वाटते. ४.८ असताना कुठून रक्त जात नसेल तर बहुधा एखादा डोस वगळून किंवा कमी करून दोन-तीन दिवसांत पुन्हा तपासलं की काम होतं. १.६ वर झडपेच्या पात्यावर गुठळी धरू शकते. पातं अडकतं किंवा गुठळीचा तुकडा मेंदूत जातो. झडप अडकून आलेले जे रुग्ण मी पाहिले, त्यांतल्या बहुतेकांची गोळी आधीचे काही दिवस बंद होती किंवा तपासणी कित्येक महिने झालेली नव्हती. आकडा वाढला म्हणून घाबरून व्हिटॅमिन के चं इंजेक्शन द्यायचा आग्रह मात्र धरू नका. त्याने आयएनआर धाडकन खाली येतो आणि पुढे कित्येक दिवस गोळी लागू पडत नाही. रक्तस्राव होत असेल तर गोष्ट वेगळी, आणि तो निर्णय रुग्णालयातच व्हायला हवा.

कारणं शोधायची म्हणजे काय? आमच्याकडे रुग्ण आला की मी पहिल्यांदा रक्त कुठे आणि कसं काढलं ते विचारते. ऐकायला क्षुल्लक वाटतं, पण निम्मा गोंधळ तिथेच असतो. आयएनआरसाठी निळ्या झाकणाची नळी लागते. तिच्यात रक्त गोठू न देणारं सायट्रेटचं द्रावण मोजून घातलेलं असतं, त्याच्या नऊपट रक्त पडायला हवं. शीर सापडली नाही, रक्त थोडंच आलं आणि नळी खुणेपर्यंत भरली नाही, तर आयएनआर खोटा जास्त येतो. नमुना तालुक्याहून शहरात जाईपर्यंत तासन्‌तास पडून राहिला तरी घोळ होतो. म्हणून शक्यतो एकच लॅब ठरवा, सकाळी जा आणि नळी खुणेपर्यंत भरली की नाही ते स्वतः बघा. आकडा आदल्या वेळेपेक्षा अगदीच विचित्र आला आणि बाकी काहीच बदललेलं नसेल, तर डोस बदलण्याआधी तपासणी पुन्हा करायला सांगा. डॉक्टरला असं विचारण्यात काही गैर नाही.

दुसरं, गोळीची वेळ. अ‍ॅसिट्रॉमचा असर वॉरफरिनपेक्षा लवकर उतरतो, त्यामुळे एखादी गोळी चुकली तरी आकड्यात दिसते. संध्याकाळची एक वेळ ठरवा. सकाळी रक्त दिलं की रिपोर्ट पाहून त्याच संध्याकाळचा डोस बदलता येतो, हाही त्यात फायदा. विसरली आणि त्याच रात्री आठवलं तर घ्यावी. दुसऱ्या दिवशी आठवलं तर कालची सोडून द्यायची, दोन एकदम घ्यायच्या नाहीत, आणि चुकल्याची नोंद वहीत करायची. ही गोळी १, २, ३ आणि ४ मिलिग्रॅमच्या वेगवेगळ्या ताकदीत मिळते. दुकानदाराने या वेळी कोणती दिली ते पट्टीवर वाचून घ्या. "अर्धी गोळी" या शब्दांवर विसंबू नका, मिलिग्रॅममध्ये बोला. दोनाची अर्धी आणि चाराची अर्धी यांत दुपटीचा फरक आहे.

मग जेवण. "हिरव्या भाज्या पूर्ण बंद" असं अजूनही पुष्कळ ठिकाणी सांगतात. मला हा सल्ला मान्य नाही. यकृत व्हिटॅमिन के वापरून रक्त गोठवणारे घटक तयार करतं आणि अ‍ॅसिट्रॉम त्यात अडथळा आणतं. मेथी, पालक, शेपू, अळू, शेवग्याचा पाला यांत ते भरपूर असतं हे खरं. पण भाजी पूर्ण बंद केली की शरीरातला साठा आटतो, आणि मग कुठे लग्नकार्यात दोन घास अळूचं फदफदं खाल्लं तरी आकडा हलतो. आधीच अशक्त असलेल्या मुलीची भाजी तोडायची, हेही मला पटत नाही. दर आठवड्याला साधारण सारखी खायची, एवढंच सूत्र. आपल्याकडे खरी अडचण ऋतूंची आणि उपवासांची. थंडीत शेतातली मेथी घरोघरी रोज शिजते आणि आयएनआर खाली जातो. श्रावणात, नवरात्रात बायका नऊ-नऊ दिवस साबुदाणा आणि चहावर काढतात, पोटात अन्नच कमी जातं आणि आयएनआर वर जातो. बहिणीच्या दोन्ही आकड्यांच्या तारखा काढा आणि त्या आठवड्यांत ती काय जेवत होती ते तिलाच विचारा. उपवास तिला सोडायचे नसतील तर एकवेळचं नीट जेवण ठेवून करावेत, आणि नवरात्र संपायची वाट न बघता मध्येच एक तपासणी करावी.

पण भाजीपेक्षा मोठा गुन्हेगार म्हणजे दुसरी औषधं. मेट्रोनिडाझोल जुलाबाला, फ्लुकोनाझोल बुरशीला, कोट्रायमॉक्साझोल लघवीच्या जंतुसंसर्गाला, सिप्रोफ्लॉक्सॅसिन कशालाही: गावात ही औषधं सर्रास दिली जातात आणि चारही आयएनआर वाढवतात. पहिली तीन तर फार. क्षयावरचं रिफाम्पिसिन आणि फिटवरची कार्बामाझेपिन उलट खाली आणतात, आणि ती बंद झाल्यावर काही आठवड्यांनी आकडा पुन्हा उसळतो. डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन अशा वेदनाशामकांनी पोटातून रक्त जाऊ शकतं, आयएनआर ठीक असला तरी. अंगदुखीला पॅरासिटामॉल घ्यावं, तेही जास्त मात्रेत आठवडाभर चालणार असेल तर तपासणी करून. काढे, लसणाच्या कॅप्सूल, गुडघ्याचं "जडीबुटीचं" चूर्ण यांबद्दल मी नियम सोपा ठेवला आहे: ज्यात काय आहे ते पाकिटावर लिहिलेलं नाही, ते घ्यायचं नाही. कुठलंही नवं औषध सुरू झालं की तीन ते पाच दिवसांत आयएनआर करायचा. डॉक्टर कितीही ओळखीचे असोत, केबिनमध्ये शिरतानाच "मला झडप बसवली आहे, अ‍ॅसिट्रॉम चालू आहे" हे वाक्य तिने स्वतः बोलायला शिकलं पाहिजे.

कमरेत सुई घेण्याचंही तसंच. आयएनआर वाढलेला असताना स्नायूत टोचलं तर आत रक्त साकळून मोठा गोळा होतो. म्हणून तापाची, ताकदीची, अंगदुखीची इंजेक्शनं नको. एक अपवाद मात्र आहे आणि त्याबद्दल तुम्ही काहीच लिहिलेलं नाही, म्हणून काळजी वाटते. तिचं पेनिसिलिन चालू आहे का?

झडप नवी बसली म्हणजे आजार संपला असं घरच्यांना वाटतं. रुमॅटिक तापाचं मूळ घशातल्या स्ट्रेप्टोकोकस जंतूत असतं. त्याच्याशी लढताना शरीर आपल्याच हृदयावर उलटतं. धातूची झडप त्यातून सुटेल, पण तिच्या बाकीच्या झडपा तिच्या स्वतःच्याच आहेत. म्हणून दर २१ दिवसांनी बेंझाथिन पेनिसिलिन, निदान चाळिशीपर्यंत, अनेकदा जन्मभर, चालू ठेवतात. हे इंजेक्शन स्नायूतच द्यावं लागतं. आम्ही आयएनआर रेंजमध्ये असल्याचं बघून देतो आणि नंतर ती जागा बराच वेळ दाबून धरायला लावतो. काही तज्ज्ञ त्याऐवजी दिवसातून दोनदा पेनिसिलिनची गोळी देणं पसंत करतात. इंजेक्शन की गोळी हे तिच्या हृदयरोगतज्ज्ञांना विचारा, पण दोन्ही नाही असं होऊ देऊ नका. घरात लहान भावंडं, भाचरं असतील आणि त्यांचा घसा वारंवार दुखत असेल किंवा सांधे सुजत असतील, तर त्यांचा एको (हृदयाची सोनोग्राफी) करून घ्या. युगांडात ८१८ मुलांवर झालेल्या अभ्यासात, एकोवर नुकताच दिसू लागलेला आजार असलेल्या मुलांना दर चार आठवड्यांनी पेनिसिलिन दिलं. दोन वर्षांत त्यांच्यापैकी ०.८ टक्के मुलांचाच आजार वाढला, न दिलेल्यांत ८.२ टक्के. रुमॅटिक हृदयरोगाच्या संशोधनात इतकी आशा वाटावी असं फार थोडं घडलं आहे.

तापाबद्दल एकच गोष्ट लक्षात ठेवा. ताप तीन-चार दिवसांत उतरला नाही तर अँटिबायोटिक सुरू होण्याआधी रक्ताचं कल्चर घ्यायला लावा. झडपेला जंतू लागला असेल आणि आधीच दोन गोळ्या पोटात गेल्या असतील, तर जंतू कल्चरमध्ये उगवत नाही आणि आम्ही अंधारात चाचपडतो. जंतू अनेकदा तोंडातून जातो. तुमच्या भागात बायका मिश्री लावत असतील तर ती सोडायला सांगा, हिरड्या खराब होतात. दात काढण्याआधी तासभर अमॉक्सिसिलिन २ ग्रॅम घेतात. आयएनआर रेंजमध्ये असेल तर एखाद-दुसरा दात काढायला अ‍ॅसिट्रॉम सहसा बंद करावं लागत नाही. डेंटिस्ट म्हणाले म्हणून परस्पर पाच दिवस बंद करायचं नाही. त्यांना माझ्यासारख्या कुणाशी फोनवर बोलायला सांगा.

आता लग्न. झडपेचं काम चांगलं असेल, धाप नसेल, तर तिने लग्न करू नये असं कुठलंही वैद्यकीय कारण नाही. मात्र लपवून करू नका. मी अशा सुना पाहिल्या आहेत ज्या सासरी गोळी पदराआड घेतात, महिन्याच्या तपासणीला "माहेरी जाते" म्हणून निघतात आणि एक दिवस तेही जमेनासं होतं. छातीवरचा व्रण आणि रात्री शांत खोलीत ऐकू येणारी झडपेची टिकटिक काही लपत नाही. मुलाकडच्यांना घेऊन डॉक्टरांकडे या. मी स्वतः अशा बैठका घेते, आणि ऐकून घेणारी माणसं आपल्याला वाटतं त्याहून जास्त भेटतात.

मूल हा त्याहून अवघड प्रश्न आहे आणि तो लग्नाआधीच बोलायला हवा. युरोपातून चालवलेल्या एका मोठ्या जागतिक नोंदणीत, धातूची झडप असलेल्या २१२ स्त्रियांपैकी ५८ टक्के जणींचंच गर्भारपण कुठल्याही गंभीर अडचणीशिवाय पार पडून जिवंत मूल झालं. प्राण्याच्या ऊतीची झडप असलेल्यांत हे प्रमाण ७९ टक्के होतं. अडचण अशी की अ‍ॅसिट्रॉम आईला वाचवतं, पण सहाव्या ते बाराव्या आठवड्यांत बाळात व्यंग निर्माण करू शकतं. हेपॅरिन हे रक्त पातळ ठेवणारं इंजेक्शन बाळापर्यंत पोचत नाही, पण झडपेवर गुठळी होण्याची भीती वाढते. रोजचा अ‍ॅसिट्रॉमचा डोस २ मिलिग्रॅमपेक्षा कमी असेल तर बाळाला धोका बराच कमी असतो. त्यामुळे कुणाला काय द्यायचं ते तिच्या डोसवरून ठरतं. म्हणून मूल हवं असेल तर आधी भेटायचं, आणि पाळी चुकली तर त्याच आठवड्यात तपासणी करून यायचं. घाबरून गोळी मनाने बंद करायची नाही. मी पाहिलेल्या सर्वांत वाईट घटना याच क्षणी घडल्या आहेत. शेवटच्या महिन्यात औषध बदलून हेपॅरिनवर आणावं लागतं, बाळंतपण हृदयाची सोय असलेल्या मोठ्या रुग्णालयातच व्हायला हवं. बाळाला अंगावर पाजायला हरकत नाही. तोवर गर्भनिरोधक म्हणून इस्ट्रोजेन असलेल्या गोळ्या नकोत, त्यांनी गुठळ्या वाढतात. आणि पाळीत रक्त फार जात असेल तर तिने ते सहन करत बसू नये. हिमोग्लोबिन बघा, स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा. हे आमच्याकडे मुली सांगत नाहीत, विचारावं लागतं.

टिकटिक बंद किंवा दबकी झाली, धाप अचानक वाढली, तोंड वाकडं झालं, हातातला जोर गेला, बोलणं अडखळलं, शौचाला काळं झालं किंवा डोक्याला जोराचा मार लागला, तर सकाळची वाट बघायची नाही. फाइल घ्या आणि एकोची सोय असलेल्या रुग्णालयात जा.

खर्चाचं सांगायचं तर, ऑपरेशन महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून झालं असेल तर त्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला (योजनेच्या मदतनिसाला) फॉलो-अपमध्ये कोणत्या तपासण्या आणि औषधं मिळतात ते विचारा. हा हक्क माहीत नसल्यामुळे वाया जातो. ऐपत असेल तर बोटातून थेंबभर रक्त घेऊन घरीच आयएनआर बघायचं यंत्र मिळतं. २०१२ मध्ये ११ अभ्यासांतल्या ६,४१७ रुग्णांची माहिती एकत्र तपासली तेव्हा, घरी तपासणाऱ्यांमध्ये गुठळ्यांचं प्रमाण जवळजवळ निम्मं आढळलं. पंचावन्न वर्षांखालच्यांना फायदा सर्वांत जास्त, आणि धातूची झडप असलेल्यांनाही तो दिसला. यंत्रात घालायच्या पट्ट्या महाग आहेत, त्यामुळे सगळ्यांना मी आग्रह करत नाही. गावात अशी दोन-तीन माणसं असतील तर यंत्र मिळून घेता येतं, फक्त सुई प्रत्येकाची वेगळी हवी.

या आठवड्यात एवढं करा. एक दोनशे पानी वही घ्या. पहिल्या पानावर झडपेचा प्रकार, ऑपरेशनची तारीख, आयएनआरची रेंज आणि पेनिसिलिनची पुढची तारीख लिहा. मग तारीख, आयएनआर, आठवड्याचा एकूण डोस मिलिग्रॅममध्ये, आणि शेवटचा रकाना रुंद ठेवून त्यात "काय बदललं": ताप, जुलाब, उपवास, नवं औषध, चुकलेली गोळी. मागच्या आठ महिन्यांचे रिपोर्ट त्यात आठवून भरा. वही बहिणीने स्वतः लिहावी, तुम्ही नाही. डोस बदलायचाच असेल तर डॉक्टर आठवड्याच्या एकूण डोसात साधारण ५ ते १५ टक्क्यांचा फरक करतील, आणि आकडा स्थिर होईपर्यंत दर आठवड्याला, मग महिन्याने तपासतील. ती वही घेऊनच पुढच्या तपासणीला जा.